थोरल्या अक्षरातली एक ओळ

आमच्या संघटनेच्या अंधेरीच्या ऑफिसात एका अक्षराला सगळे ‘थोरला’ म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये त्या फॉन्टचं नाव इंग्रजी आहे, पुढे दोन आकडे आहेत, आणि ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. पत्रकाचं हेडिंग करायची वेळ आली की कुणीतरी ओरडतं, "थोरल्यात टाक!" आणि विषय मिटतो.

मी तिथे कॉलेज संपता संपता गेले. घोषणा बऱ्या सुचायच्या, म्हणून पत्रकं माझ्या गळ्यात पडली. पानं लावणारे काका साठीच्या पुढचे. आयुष्याचा पहिला अर्धा भाग छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग कॉम्प्युटरवर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी मला थोरल्याची ओळख करून दिली, गावाकडच्या नातेवाइकाची करून द्यावी तशी. पडद्यावर एकच ‘क’ भलामोठा करून ठेवला.

"काना बघ. खांब आहे. शिरोरेषा म्हणजे तुळई. आणि हा गोलावा वळून खांबाला मिळतो तिथे बघ, केसाएवढा झालाय. बोरू धरून लिहिताना हात जसा फिरतो तसं हे कापलंय. नुसतं जाड कुणीही करेल गं."

त्याच फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरंही होती. तीसुद्धा तशीच, जाडजूड, आणि प्रत्येकाच्या पायाशी एक छोटा पाट. पाटावर उभी असल्यासारखी. हलणार नाहीत, असं सांगणारी.

"ह्याचा एक नियम आहे," काका म्हणाले. "पानावर एकच ओळ. दुसरी टाकलीस की हा ओरडायला लागतो."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला ओरडायचंच होतं. माझं पहिलं पत्रक मी वरपासून खालपर्यंत थोरल्यात लावलं. काकांनी छापू दिलं. घाटकोपरला स्टेशनबाहेर उभी राहून त्याच्या प्रती वाटल्या. लहान आकारात त्या अक्षरांची पोटं शाईने भरली होती, पान लांबून डांबर सांडल्यासारखं दिसत होतं. लोक घ्यायचे, एक नजर टाकायचे आणि चार घड्या करून खिशात सारायचे. संध्याकाळी काका म्हणाले, "झालं समाधान?"

ते अक्षर कुठे कुठे भेटतं ते मग मी बघायला लागले. कोर्टाची जाहीर नोटीस. निविदा. पेपरात आतल्या पानावर काळ्या चौकटीतलं ‘दुःखद निधन’. मतदारांना आवाहन. ‘येथे वाहन उभे केल्यास’. सगळी कामं कशी, तर झालेलं सांगायचं नाहीतर ठरलेलं सांगायचं. विचारायला हे अक्षर कुणी वापरत नाही. आता बँका आणि बिल्डर बारीक, गोलमटोल, गोड अक्षरं वापरतात, ‘चला, स्वप्नं पाहूया’ वगैरे. त्यांचा मला जास्त राग येतो. थोरला निदान तोंडावर बोलतो, असं मी तेव्हा म्हणायचे.

घरी मी आणि बाबा दोघंच. बोरीवलीला, सात माळ्यांची सोसायटी, आम्ही सहाव्यावर. आई दादाकडे बंगळूरला बाळाला सांभाळायला तीन महिन्यांसाठी गेली आणि तिकडेच अडकली. बाबा रिटायर झालेला, सोसायटीचा सचिव. आमच्यात बोलणं म्हणजे दूध आलं का आणि गॅस लावलास का. मी जगभरच्या अन्यायावर अर्धा तास बोलू शकते. त्याच्याशी जेवताना काय बोलायचं ते मला सुचत नाही, त्यालाही नाही. मग आम्ही बातम्या लावतो.

एकदा मात्र तो स्वतःहून माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात नोटीस होती, ओला कचरा सुका कचरा वेगळा ठेवा म्हणून. तिसऱ्यांदा लावली होती, कोणी ढुंकून बघत नव्हतं.

"तू ते पत्रकांचं करतेस ना. ह्याचं काही होईल का?"

मी दहा मिनिटांत करून दिलं. वर सोसायटीचं नाव, खाली ‘सूचना’ थोरल्यात, मग मजकुराची एक ठळक ओळ, बाजूने रेघ. फाइलच करून दिली, पुढच्या वेळी नुसता मजकूर बदलायचा. दुसऱ्या दिवशी खाली दोन बादल्या वेगळ्या दिसल्या. बाबा वर येऊन म्हणाला, "वजन आहे ह्या अक्षराला." आणि त्या दिवशी त्याने माझ्यासाठी चहा केला. मी खूश झाले होते, हे कबूल करायला हवं. ऑफिसातल्या कुठल्याच पत्रकाने मला तसं वाटलं नव्हतं.

मग सोसायटीला नवीन लिफ्ट बसली. आतून चकचकीत, पूर्ण उंचीचा आरसा. आठवड्याभरात एका सकाळी मावशी दारात भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मावशी आमच्याकडे धुणीभांडी करायच्या, मी शाळेत होते तेव्हापासून. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, गिरणी गेली तेव्हापासून ह्या घरं धरून होत्या. डावा गुडघा गेलेला. सहा माळे चढून आल्या होत्या.

"लिफ्ट बिघडली का मावशी?"

"नाय गो. आमका बंद केली हा. खाली नोटीस लागली हा ना." त्या भिंतीला टेकून श्वास घेत होत्या. "सरकारी आसा काय ती?"

"सरकारी कशाला असेल?"

"अक्षर तसांच दिसतां, म्हणान इचारलंय."

मी खाली गेले. लिफ्टच्या बाजूला माझी चौकट, माझी रेघ, माझा थोरला. ‘घरकाम करणाऱ्या व्यक्तींनी लिफ्टचा वापर करू नये.’ खाली बाबाची सही. अक्षरं झकास बसली होती, हे आधी दिसलं. मग मजकूर परत वाचला.

संध्याकाळी बाबाला धरलं.

"हे काय आहे बाबा?"

"कमिटीचा ठराव आहे."

"तुझी सही आहे त्यावर."

"सचिवाची असते. मी ठरवत नाही, मी कळवतो."

"मावशींचा गुडघा माहितीये ना तुला? मी सातवीत होते तेव्हापासून त्या येतात. आणि तू कळवतोस?"

"मी बोललो होतो मीटिंगमध्ये. कोणी ऐकलं नाही." त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "तू घरी कितीशी असतेस तुला कळायला?"

ह्यावर मी दार आपटलं. सव्वीस वर्षांच्या बाईने करायची गोष्ट नव्हे, पण आपटलं.

आणि पत्रक लिहायला बसले. एका बैठकीत लिहिलं. लिफ्टची वीज कोण भरतं, आरसा कोण पुसतं, गुडघे कुणाचे झिजतात, सगळं. ह्या वेळी काकांचा नियम पाळला. थोरल्यात एकच ओळ: ‘लिफ्ट सर्वांनी वापरावी.’ बाकी सगळं बारीक अक्षरात, आणि सगळ्यात खाली माझं नाव आणि फ्लॅट नंबर. लपूनछपून काही करायचं नव्हतं. मजकूर लांबला तसं अक्षर आणखी बारीक करत गेले. रिकाम्या पानापासून कशाला सुरुवात करायची, म्हणून बाबाला दिलेलीच फाइल उघडली होती. ‘सूचना’ काढलं, सोसायटीचं नाव काढलं. चौकट राहू दिली. प्रत्येक दाराखालून एक सरकवलं आणि एक लिफ्टजवळ भिंतीला चिकटवलं, जुन्या नोटिशीच्या शेजारी. आधीच्या नोटिशीचा सेलोटेप सुटून ती एका कोपऱ्यावर लोंबत होती. माझी सरळ होती.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या हसत.

"आज लिफ्टनी इलंय. वॉचमन म्हणालो, नवी नोटीस लागली, जावा."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. त्यांचे हात साबणाचे होते. मला वाटलं, वाचलं लोकांनी. एका रात्रीत सात माळे पटले. असं आपल्या कामात कधी होत नाही, आणि माझ्याच घरात झालं!

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. लिफ्टमध्ये तिसऱ्या माळ्यावरच्या काकू भेटल्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं हो कमिटीने मागे घेतलं. मलाही कसंतरी वाटत होतं."

"कमिटीने?"

"नोटीस आली ना दाराखालून. तुझ्या बाबांचीच ना?"

मी ‘हं’ म्हणाले. वॉचमनला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मोठ्या अक्षरात लिहिलंय, सर्वांनी वापरावी. आम्ही कोण थांबवणारे?" खालचं वाचलं का विचारलं तर म्हणाला, "ते बारीक आहे ना."

म्हणजे कोणीही काहीही वाचलं नव्हतं. मी लिहिलेल्या एकाही वाक्याला कुणी हो म्हणालं नव्हतं की नाही म्हणालं नव्हतं. लोकांनी चौकट बघितली, जाड ओळ बघितली, आणि ऐकलं. आदल्या आठवड्यात त्याच अक्षरात उलट ऐकलं होतं, तेही तसंच.

ते मी कुणाला सांगितलं नाही. ऑफिसात सांगितलं असतं तर सगळे खो खो हसले असते, महिनाभर मला ‘सूचना’ म्हणाले असते. बाबाला सांगायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या दाराखालून मी पत्रक सरकवलं नव्हतं, कारण त्याचं दार ते माझंच दार. तो खाली उतरायचा तो जिन्याने, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, आणि लिफ्टकडे बघायचाही नाही. पुढचे नऊ दिवस मावशी रोज लिफ्टने आल्या, बाकीच्या बायकाही आल्या. आरसा फुटला नाही. कोणी आजारी पडलं नाही. तक्रार एकही नाही. आणि मी रोज जाताना त्या कागदाकडे बघायचे नि मला वाटायचं, ह्या बिल्डिंगमध्ये काय चाललंय हे फक्त मला माहीत आहे. इतकं एकटं मला मोर्चात चार जणच आलेले असतानाही कधी वाटलं नव्हतं. तिथे निदान चार जण असतात.

दहाव्या दिवशी चेअरमननी ते नीट वाचलं, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. माझा एकमेव वाचक. रविवारी सभा बोलावली.

शनिवारी संध्याकाळी बाबा परत माझ्या दारात उभा राहिला. मी त्याच्या ओरडण्याची वाट बघत होते, उत्तरं तयार होती.

"उद्या मला विचारतील," तो म्हणाला. "मी सांगू शकतो, की मीच लावायला सांगितलं. लिफ्टच्या ठरावाला वार्षिक सभेची मंजुरी नाही, तोवर सचिव म्हणून मी स्थगित ठेवला. नियमात बसतं. मी बघितलंय."

हातातलं नियमांचं पुस्तक त्याने मिटलं.

"म्हणजे वार्षिक सभेपर्यंत तरी कोणी काही बोलणार नाही. पुढे विसरतील. विसरतात लोक."

"आणि मग माझ्या पत्रकाचं काय?"

"त्याचं काय?"

"ते माझं आहे बाबा. त्यावर माझं नाव आहे. तू ते तुझी नोटीस म्हणून खपवणार? म्हणजे लोक बरोबर वागतायत ते कशामुळे, तर सचिवाने सांगितलं म्हणून? मला हे असं नकोय. चर्चा होऊ दे. मी बोलते उद्या."

"बाई लिफ्टने येतायत," बाबा म्हणाला. "तेवढं पुरे नाही का?"

"नाही."

 तो "बरं" म्हणाला आणि बातम्या लावायला गेला.

सभा खाली पार्किंगमध्ये होती, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. चेअरमन म्हणाले, हे जे भिंतीवर लागलंय ते नोटीस आहे की काय आहे, सचिवांनी खुलासा करावा. बाबा उठायच्या आत मी उठले.

"नोटीस नाही. पत्रक आहे. मी लिहिलंय, बाबाला माहीत नव्हतं."

आणि मग मी बोलले. नाक्यावर टेम्पोत उभी राहून बोलते तसं बोलले, खुर्च्यांवर बसलेल्या लोकांशी, ज्यांच्याकडे मी लहानपणी दिवाळीचा फराळ घेऊन गेलेले. ‘लाज’ हा शब्द दोनदा वापरला. कोणी मधे बोललं नाही. ते बरं लक्षण आहे असं मला तेव्हा वाटलं.

"झालं?" चेअरमन म्हणाले. "बेटा, भावना समजल्या. पण हा निर्णय बिल्डिंगने घ्यायचा ना? मग बंदी राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. नऊ दिवस त्याच लिफ्टमधून त्याच बायकांबरोबर गुपचूप वर-खाली करणाऱ्यांचे हात. काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या खुर्चीकडे, आणि मग त्यांचाही हात वर गेला, कोपरापर्यंत. ठरलेलं होतं तोवर कुणाला काही वाटलं नव्हतं. तुम्हीच ठरवा म्हटल्यावर प्रत्येकाला आपला आरसा आठवला. माझ्या बाजूने चार हात होते, त्यातले दोन माझे धरले तर. बाबाने कुठेच हात वर केला नाही. तो हात मोजत होता आणि वहीत लिहीत होता.

सोमवारी बंदीचा नवीन कागद लागला. बाबाने ह्या वेळी तो हाताने लिहिला, निळ्या पेनाने, त्याच्या बारीक क्लार्की अक्षरात. कुणी त्या अक्षराबद्दल काही म्हणालं नाही. वॉचमनला चेअरमननी तोंडीच सांगितलं होतं.

मावशी अजून बारा दिवस आल्या. शेवटचा आठवडा त्या प्रत्येक माळ्यावर थांबत होत्या, मी दार उघडं ठेवून त्यांच्या चपला ऐकायचे. मी म्हणाले, मी बरोबर येते खालून, लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चला, बघू कोण अडवतं. त्या नको म्हणाल्या. वॉचमनची नोकरी जाईल, म्हणाल्या. मग एक दिवस गेटवरून फोन आला, किल्ली न्यायला खाली ये. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची.

त्या गेटबाहेर उभ्या होत्या, चांगली साडी नेसून. नॅशनल पार्कच्या बाजूला एका बैठ्या घरातलं काम धरलं होतं. लांब होतं, पण तळमजला.

"तू केलंस तां चांगल्यासाठीच," त्या म्हणाल्या. "पण बाय, माका एकदा इचारूक होया होतां."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतं तुम्ही?"

"गप ऱ्हव, असां सांगलां असतां. लिफ्ट चालू होती ना गो."

रिक्षा आली. मी त्यांना बसवलं. किल्ली माझ्या मुठीत गरम झाली होती. बाबाने मला शनिवारी काय देऊ केलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. आजपर्यंत नाही.

घरात आता बाबा भांडी घासतो आणि मी पुसते. त्याने मला एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि मला त्याचाच त्रास होतो. आईला फोनवर तो म्हणाला, "मावशींना लांब पडत होतं."

वार्षिक सभा दोन महिन्यांवर आहे. तिथे विषय परत घेता येतो, तसा अर्ज बाबाने मला काढून दिला आणि कुठे सही करायची तिथे पेन्सिलने खूण केली. ह्या वेळी मी कागद छापलेला नाही. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर एकेक दार वाजवते. बहुतेक दारं साखळीएवढीच उघडतात. ‘आता जेवायला बसलोय’, ‘मिस्टर घरात नाहीत’. पत्रक वाटताना तोंड वळवणारा माणूस परत दिसत नाही. हे रोज दिसतात. आतापर्यंत सहा जण ‘बघू’ म्हणालेत.

काल तिसऱ्यावर गेले. काकूंनी आत घेतलं. स्वतःच म्हणाल्या, "त्या दिवशी मी हात वर केला, तुला राग आला असेल."

"आला."

"मावशी परत येणार आहेत का तुमच्या?"

"नाही."

"मग आता कुणासाठी करतेस गं हे?"

मी म्हटलं, पाचव्यावर नवीन बाई लागलीये, पोटुशी आहे, सहावा महिना असेल.

"तिला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली, करा, पण माझं नाव कुठे छापू नका."

 काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाल्या, "बस. कोण कोण काय म्हणालं ते सांग आधी."